रंग घसरलाय की वारा सुटलाय?

गेल्या अंकाच्या मधल्या पानावर राऊल द्यूफी या फ्रेंच चित्रकाराचं शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचं चित्र छापलं होतं. निळं पाणी, पांढरी शिडं, लाल-पिवळे झेंडे आणि चित्रभर रंगांची पळापळ. त्या एका पानावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी गठ्ठाच माझ्याकडे सरकवला. एका वाचकाने तर पान फाडून परत पाठवलंय, ‘चुकलेल्या’ जागांभोवती पेन्सिलीने गोल काढून. तेव्हा तैलरंग पिवळे का पडतात, हा प्रश्न पुढच्या महिन्यात. आज फक्त होड्या.

प्रश्न : तुमच्या मासिकाची आमच्या घरी जुनी वर्गणी आहे आणि छपाईबद्दल आजवर तक्रार करावी लागली नव्हती. पण मधल्या पानावर रंग सगळे रेषेबाहेर गेलेत. झेंड्याची चौकट एकीकडे, लाल रंग दुसरीकडे. एका होडीचा तपकिरी तर तिच्या अंगावरून निसटून पाण्यात पडलाय. मला ते चित्र चौकटीत लावायचं होतं. नीट छापलेली प्रत मिळेल का? (एक जुनी वर्गणीदार)

उत्तर : प्रत जरूर पाठवतो, पण तिच्यातही लाल रंग झेंड्याबाहेरच असेल. मूळ चित्रातच तो बाहेर आहे.

इतक्या ठामपणे सांगतोय, त्यामागे माझी एक फजिती आहे. मी चित्रकार नव्हे. 26 वर्षं छापखान्यात काढली, त्यातली 16 रंग तपासायच्या टेबलाशी. एका वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरचं काम आलं होतं आणि ऑगस्टच्या पानाला द्यूफीची अशीच एक शर्यत होती. मशीनमधून पहिले कागद बाहेर पडले आणि मी ओरडलो, “रजिस्टर गेलंय, बंद करा!” रजिस्टर म्हणजे चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर अचूक बसणं. निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चार रंग चार प्लेटांवरून कागदावर उतरतात. त्यातली एक जराशी सरकली, की माणसाचे ओठ गालावर जातात. मशीनमन माझ्याहून वयाने मोठे. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, कोपऱ्यातल्या फुल्या बघा.” बघितल्या. चारही कोपऱ्यांतल्या फुल्या एकावर एक, तंतोतंत. तरी माझा विश्वास बसेना. प्लेटा सोडवल्या, पुन्हा बसवल्या, तासभर गेला, रद्दीचा ढीग झाला. शेवटी मूळ चित्राची ट्रान्सपरन्सी, म्हणजे फोटोची पारदर्शक फिल्म, दिव्यावर धरून भिंगातून पाहिली, तर चित्रकारानेच शिडाची रेषा एका जागी आणि शिडाचा रंग दुसऱ्या जागी ठेवलेला. मशीनमन म्हणाले, “म्हणजे रजिस्टर त्या साहेबांचं गेलं होतं.” मी त्या दिवशी डबा न खाता घरी आलो.

तुम्हीही घरच्या घरी तपासू शकता. छपाई घसरते तेव्हा तो रंग पानभर एकाच दिशेला, सारख्याच अंतराने घसरतो. सगळ्या होड्यांचा लाल उजवीकडे गेला असेल, तर दोष मशीनचा. आपल्या पानावर एका झेंड्याचा लाल उजवीकडे सांडलाय, शेजारच्याचा पिवळा खाली उतरलाय आणि तिसऱ्याचा रंग मुकाट्याने चौकटीत बसलाय. कुठल्याही मशीनला असं घसरता येत नाही.

आता गंमत अशी, की तुमची शंका पुरती चुकीचीही नाही. ही खोड द्यूफीला छपाईतूनच लागली असावी, असं मला वाटतं. 1911 साली कवी आपोलिनेरच्या प्राण्यांवरच्या कवितांसाठी त्याने लाकडी ठशांची चित्रं कोरली. त्याच सुमारास पॉल प्वारे या कपड्यांच्या नामांकित कारागिराने त्याला कापडछपाईचा एक छोटा कारखाना मांडून दिला. आणि 1912 पासून 1928 पर्यंत तो लियाँच्या बियांकिनी-फेरिए या रेशीमवाल्यांसाठी कापडावरच्या नक्ष्या काढत होता. मोजा, 16 वर्षं. मी टेबलाशी काढली तितकीच! ठशाने कापड छापताना प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. बाह्यरेषेचा आणखी वेगळा. ठसे हाताने टेकवायचे, म्हणजे कुठे दोन रंग एकमेकांवर चढतात, कुठे मध्ये कोऱ्या कापडाची फट राहते. आम्ही छपाईवाले जन्मभर त्या फटीशी भांडतो. द्यूफीने ती बघितली आणि त्याच्या लक्षात आलं, की रंग रेषेत कोंडला नाही म्हणून फुलाचं फूलपण जात नाही. उलट ते जरा हलतं. 1920 नंतरची त्याची चित्रं बघा. आधी रंगाचे मोठे मोकळे पट्टे, आणि ते आपल्या जागी बसल्यावर वरून बारीक, भराभर ओढलेली रेषा. रेषेने रंगाची परवानगी घेतलेली नाही आणि रंगाने रेषेची.

एक किस्सा त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. बंदराच्या धक्क्यावर लाल झग्यातली एक लहान मुलगी पळत गेली. ती पुढे निघून गेली, तिचा आकार नीट कळलाही नाही, पण लाल रंग मात्र डोळ्यांत मागे रेंगाळत राहिला. डोळ्याला रंग आधी पोचतो आणि जास्त वेळ टिकतो, असं तेव्हा त्याच्या मनाने घेतलं.

डोळ्यांच्या अभ्यासकांची मांडणी थोडी वेगळी आहे, पण ती द्यूफीच्या बाजूनेच जाते. आपली नजर उजेड-अंधाराच्या कडा फार बारकाईने टिपते आणि रंगाच्या कडांबाबत चांगलीच ढिली असते. रेषा स्पष्ट असली, की शेजारी सांडलेला रंग मेंदू आपणहून त्या रेषेच्या पदरात घालतो. या ढिलाईवर आजचा अख्खा धंदा चालतो. फोनमधला फोटो साठवताना बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची चौथ्या हिश्श्यावर आणतात. तुम्हाला कधी कळलं? आता ते पान टेबलावर ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तपकिरी आपल्या होडीवर परत गेलेला दिसेल.

जाता जाता कबूल करतो, आमच्या पानात एक खरी चूक आहे आणि ती कुणीच पकडली नाही. द्यूफीचा गडद निळा चार शायांत येत नाही. निळ्या शाईत किरमिजी वाढवत गेलं, की तो निळा राहण्याऐवजी जांभळट आणि मळकट होतो. पानाच्या वरच्या भागात तुम्हाला जे पावसाळी आभाळ वाटतंय, तो आमचा पराभव आहे. तुम्ही चौकट करायचं म्हणताय, म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी नोकरीची सगळी वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काढली. शिडाचं मला फार कळत नाही, पण वारा कळतो. त्या चित्रात निम्म्या होड्या डावीकडे कललेल्या आहेत, निम्म्या उजवीकडे. एकाच वाऱ्यात असं कसं होईल? शिवाय पुढे कोण आहे तेही समजत नाही. ही शर्यत आहे की जत्रा?

उत्तर : दोन्ही. आणि कलण्याबाबत द्यूफी बरोबर आहे.

इंजिन असलेल्या माणसाला हे खटकणारच, कारण त्याला वाटेल तिकडे सरळ जाता येतं. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वारा जिकडून येतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे साधारण 45-45 अंश तिला बंद. पुढची खूण नेमकी तिकडेच असेल, तर ती नागमोडी जाते. काही वेळ वारा उजव्या अंगावर घ्यायचा, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून तो डाव्या अंगावर घ्यायचा, पुन्हा उजव्या. वारा उजवीकडून लागला की होडी डावीकडे कलते, डावीकडून लागला की उजवीकडे. 20 होड्या एकाच खुणेकडे निघाल्या, तरी कधी वळायचं हे प्रत्येकीचा सुकाणूवाला आपापलं ठरवतो. म्हणून समोर दिसतात ती दोन दिशांना झुकलेली त्रिकोणांची झुंबड. तुम्हाला गोंधळ वाटला, तो खरं तर चित्रातला सगळ्यात काटेकोर भाग आहे. आणि त्या झुंबडीतही नियम आहे. दोन होड्या समोरासमोर आल्या, तर जिच्या उजव्या अंगावर वारा तिचा हक्क आधी, दुसरीने वाट द्यायची.

पुढे कोण, हे न कळण्याचंही कारण आहे. या शर्यतीत होड्या एका रांगेत उभ्या राहून सुटत नाहीत. पाण्यावर थांबायचं कसं? सुरुवातीची रेषा नुसती मनातली, दोन खुणांमधली. सुटण्याआधी सगळ्या होड्या त्या रेषेच्या अलीकडे गोल-गोल घिरट्या घालत असतात. घड्याळावर नजर ठेवून, तोफेचा बार होताच पूर्ण वेगात रेषा ओलांडता यावी अशा बेताने. त्या काही मिनिटांत झेंडे चढतात आणि उतरतात. मध्ये पांढरा चौकोन असलेला निळा झेंडा म्हणजे तयार राहा. तो तुम्ही बंदरात पाहिला असणार. जहाज सुटायच्या तयारीत आहे, हे सांगायलाही तोच लावतात.

या झेंड्यांशी मी जरा थांबणार आहे. समुद्रावरच्या सांकेतिक झेंड्यांत रंग किती असतात? अक्षरांचे झेंडे 26, पण त्या सगळ्यांत मिळून रंग पाचच : लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा. सपाट, सावली नसलेले, शेजाऱ्याशी न मिसळणारे. कारण धुक्यात, लांबून, हलत्या डोलकाठीवर तेच ओळखू येतात. नाजूक करडा-हिरवा तिथे कामाचा नाही. म्हणजे पॅरिसच्या चित्रकारांनी भडक, कोरे रंग शेजारी-शेजारी ठेवायचं धाडस केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बंदरं रोज तेच करत होती. आणि द्यूफी बंदरातलाच. 1877 साली ल हाव्रमध्ये जन्मला, नऊ भावंडांच्या घरात. चौदाव्या वर्षी कॉफी आयात करणाऱ्या पेढीत नोकरीला लागला. संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग, दिवसा जहाजं आणि पोती. शर्यती भरवणारी मंडळी त्या गावात 1838 पासून होती. त्याने शर्यत शोधून काढली नाही, ती त्याच्या दारात होती.

जत्रेबद्दल बोलायचं तर अशा शर्यतींना म्हणतात तो रेगाटा हा शब्दच व्हेनिसचा, आणि तिथेही वल्ह्यांच्या शर्यतीइतकीच काठावरची गर्दी महत्त्वाची. द्यूफीने ल हाव्रनंतर दोव्हिल रंगवलं, खाडीपलीकडे इंग्लंडात जाऊन काउझ रंगवलं. काउझला 1826 पासून शर्यती होतात. तो तिथली चित्रं करत होता, तेव्हा दोनशेवर शर्यती जिंकलेली राजा पंचम जॉर्जची ‘ब्रिटानिया’ अजून पाण्यात होती. 1936 साली राजा वारला आणि त्याच वर्षी त्या नौकेला वाइट बेटाच्या दक्षिणेला नेऊन समुद्रात बुडवण्यात आलं. असल्या नौका समोर असताना दुसरा एखादा चित्रकार त्यातली एक मधोमध घेऊन तिचं चित्र करता. द्यूफीला कोण जिंकलं यात काडीचा रस नाही. तो घोड्यांच्या शर्यतीला गेला, तरी घोड्यांइतकाच माणसांत रमतो.

शिडं पांढरीच का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. शर्यतीच्या नौकांची शिडं तेव्हा कोऱ्या सुताची असत. तपकिरी-लाल शिडं मच्छीमारांची, ती कुजू नयेत म्हणून काथाच्या पाण्यात भिजवलेली. चित्रातली ती एकुलती तपकिरी होडी बहुधा शर्यतीत नाहीच. ती मासे घेऊन घरी चालली असेल.

प्रश्न : चित्राखाली तुम्ही ‘फोव्ह चित्र’ असं लिहिलंय आणि काळ दिलाय 1930 नंतरचा. आमच्या अभ्यासक्रमाप्रमाणे फोव्हवाद 1908 च्या आसपास संपतो. कोण चुकलं? आणि आमचे एक सर म्हणतात, द्यूफी म्हणजे पडद्याच्या कापडावरची नक्षी. (कलाशाळेतला विद्यार्थी)

उत्तर : मी चुकलो. ओळ माझीच होती, जागा दोन शब्दांची होती, आणि ‘फोव्ह वळणाचं’ लिहायला हवं होतं.

तारखा तुला ठाऊक असतील, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ हे दोघं चित्रकार भूमध्य समुद्रावरच्या कोलिऊर या कोळ्यांच्या गावात जाऊन होड्या रंगवत बसले. शरदात ती चित्रं पॅरिसच्या ग्राँ पालेमधल्या प्रदर्शनात लागली. त्याच दालनात जुन्या इटालियन वळणाचं एक शिल्प होतं. समीक्षक लुई व्होसेलने लिहिलं, की हा तर रानटी श्वापदांमधला दोनातेल्लो, म्हणजे जुना इटालियन शिल्पकार. ‘फोव्ह’ म्हणजे रानटी श्वापदं. भडक, कोरे रंग वापरणाऱ्या या चित्रकारांना दिलेली शिवी होती, नाव झाली. द्यूफी त्या दालनात नव्हता. त्याला धक्का बसला होता तो त्याच वर्षीच्या वसंतातल्या दुसऱ्या एका प्रदर्शनात, मातीसचं ‘लक्स, काल्म ए व्होल्युप्ते’ पाहून. समोर दिसतं तसं टिपण्यातली त्याची गोडी तिथे संपली. 1906 मध्ये तो मित्र मार्केबरोबर त्रूव्हिलच्या जाहिरातींच्या भिंती आणि ल हाव्रच्या झेंडे लावलेल्या गल्ल्या रंगवत होता. ती चित्रं अस्सल फोव्ह. 1908 मध्ये ब्राक या चित्रकाराबरोबर दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताकला गेला, आधीच्या पिढीतल्या सेझान या चित्रकाराच्या मागे लागला, आणि रंग मंदावले. तिथे तुझ्या पुस्तकातला फोव्हवाद संपतो. बरोबर आहे.

पण एक प्रयोग कर. ल हाव्रला खेटून सँत-आद्रेस आहे. तिथल्या किनाऱ्यावरून मोनेने 1867 साली शिडांची शर्यत रंगवली. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, संकेतस्थळावर दिसेल. ते आणि आपलं मधलं पान शेजारी-शेजारी ठेव. मोनेच्या चित्रात कुठल्या बाजूने ऊन येतंय ते सांगता येतं. ढग, लाटा, वाळू सगळे त्या एका उन्हात बसलेत. द्यूफीच्या चित्रात ऊन कुठून येतं ते शोध, सापडणार नाही. तिथे उजेड सूर्याकडून येत नाही, रंगाकडून येतो. निळ्याशेजारी कोरा पांढरा सोडला की उजेड पडला! ही युक्ती त्याला 1905-06 ने शिकवली आणि पुढे त्याने ती सोडली नाही. म्हणून माझी ओळ चूक, पण बिनबुडाची नव्हे.

सरांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. द्यूफीने अतोनात काम केलं आणि सगळं सारखं नाही. त्याची काही जलरंगातली चित्रं स्वाक्षरीसारखी आहेत, हात आपोआप फिरलेला. कॅलेंडरवाल्यांनी नेमकी तीच उचलली, त्यात मीही आलो. पण ‘पडद्याचं कापड’ ही त्याला मला शिवी वाटत नाही. कापडावरच तर तो शिकला. शिवाय 1937 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने विजेच्या कथेचं चित्र केलं, 10 मीटर उंच आणि 60 मीटर लांब, 250 फळ्यांवर. पडदेवाल्याला ते झेपत नाही. हात तेव्हाच संधिवाताने धरायला लागले होते. पुढे 1950 मध्ये उपचारासाठी त्याला बोस्टनपर्यंत जावं लागलं. आपल्याला इतकी सहज वाटते ती रेषा अशा बोटांनी ओढलेली आहे. तरी सरांना म्हणावं, आवडलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला होड्यांची शर्यत काढायची आहे. समुद्र गुलाबी दिला तर चालेल का? मैत्रीण म्हणते समुद्र निळाच असतो.

उत्तर : चालेल. मातीसने 1905 साली कोलिऊरची उघडी खिडकी काढली, तिच्यातल्या होड्या गुलाबी पाण्यावर आहेत. मैत्रिणीला ते चित्र दाखव.

पण गुलाबी दिलास, की तेवढ्यावर सुटका होत नाही. एक रंग बदलला की शेजारच्या सगळ्यांना सरकून बसावं लागतं. गुलाबी पाण्यावर तपकिरी होडी ठेवलीस तर चिखल दिसेल. हिरवी किंवा निळी ठेव, ती उठून दिसेल. आधी वेगळ्या कागदावर रंगांचे नुसते चौकोन शेजारी ठेवून बघ, मग चित्राला हात लाव.

निळ्याचंही एक ऐक. द्यूफी म्हणायचा, की निळा हा एकच रंग असा आहे, जो कसाही केला तरी स्वतःला सोडत नाही. तुझ्या रंगपेटीत करून बघ. लालात पांढरा घाल, तो गुलाबी झाला, लाल राहिला नाही. लालात काळा घाल, तपकिरी. पिवळ्यात काळा घाल, शेवाळ्यासारखा घाण हिरवा. आता निळ्यात पांढरा घाल, तरी निळा. काळा घाल, तरी निळाच. म्हणून एवढं मोठं पाणी तो एकाच रंगात काढू शकला. गुलाबी पाणी काढायला त्याहून अवघड आहे, आणि म्हणूनच तू काढ.

आता रीत. पेन्सिलीने होड्या काढू नकोस. रुंद ब्रशने पाण्याचे दोन-तीन पट्टे मार, आडवे, एकमेकांत थोडे घुसलेले. शिडांसाठी कागद कोरा सोड, पांढरा रंग वापरूच नकोस. झेंड्यांच्या जागी लाल-पिवळ्याचे ठिपके टाक, नेमके कुठे याचा विचार न करता. आणि मग थांब. पूर्ण वाळू दे. सगळ्यात जास्त चित्रं या थांबण्यातच बिघडतात, माझीही बिघडलीत. वाळल्यावर लांब केसांचा बारीक ब्रश घे. दुकानात त्याला रिगर म्हणतात, कारण जहाजाच्या डोलकाठीच्या दोऱ्या काढायला तो वापरत. गडद निळा पातळ करून शिडं, दोऱ्या, माणसं भराभर काढ. हात उचलून थांबू नकोस. लाटांसाठी छोटे उलटे व्ही, पुढे मोठे, मागे बारीक. निम्म्या होड्या डावीकडे कलव, निम्म्या उजवीकडे. का, ते वर इंजिनरूमवाल्या काकांना सांगितलंय.

रेषा रंगाच्या बाहेर गेली, तर खोडरबर घेऊ नकोस. चित्र झालं की इकडे पाठव. छापलं, तर मशीनशी मी स्वतः उभा राहीन.